दस्त्यावरचे तीन तांदूळ

स्वतःची रायफल घेऊन परदेशात गेलेला माणूस आमच्या तालुक्यात माझ्याआधी कोणी झाला नसेल, आणि माझ्यामागं कोणी होऊ नये. लोक अजून विचारतात, काय मारलं तिकडं? मी सांगतो, काही नाही. मग हसतात. हसणाऱ्याला मी चहा देत नाही.

रायफल माझ्या बापाची. तीनशे पंधरा बोअरची, पिकाच्या राखणीच्या परवान्यावरची. इगतपुरीच्या अंगाला आमचं भाताचं रान, आणि त्याच्या डोक्यावर जंगल. डुकरं उतरली की खाचर नांगरल्यासारखं करून जातात. बाप गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला. चाळीस वर्षांत मी तिनं तीन डुकरं पाडली, तीही वनखात्याचा कागद खिशात ठेवून. बाकी सगळे बार हवेत. शिकारी म्हणवून घ्यावं असं माझ्यात काही नाही.

बायकोला ती रायफल डोळ्यांसमोर नको असायची. पण खंडेनवमीला तिची पूजा तीच करायची, दुसऱ्या कोणाला करू द्यायची नाही. मी नळी साफ करायची, लाकडाच्या दस्त्याला जवसाचं तेल चोळायचं आणि रायफल पाटावर आडवी ठेवायची. मग ती यायची, दस्त्यावर हळद लावायची, आणि तुपात कालवलेल्या कुंकवाची पाच बोटं उमटवायची. वर चिमूटभर तांदूळ. तिची उजवी करंगळी लग्नाच्या आधीच विळ्यानं कापून वाकडी झाली होती, त्यामुळं पाचवं बोट नेहमी खाली, चौघांपासून फटकून पडायचं. बोटं उठवून झाली की दरवर्षी एकच बोलायची, "हिनं आजवर काय मारलं, तर माझी झोप."

मागच्या वर्षीची बोटं मी पुढच्या नवमीला पुसायचो. तेलाच्या फडक्यानं, कोणाशी तरी बोलत बोलत. पूजेला हत्यार स्वच्छ पाहिजे, तशी रीतच आहे. चाळीस वर्षं मी दर साली तिची बोटं पुसत आलो, हे मला ती गेल्यावर कळलं.

गेल्या नवमीला तिनं बोटं लावली आणि पंधरा दिवसांत ती गेली. ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. सूप मांडीवर होतं. तशीच कलंडली. नाशिकला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आजारी नव्हती, काही नव्हती. सकाळी माझ्याशी भांडली होती, ते काय मोठं भांडण नव्हतं.

सुतक फिटलं त्या दिवशी भावकीतल्या बायका आल्या आणि त्यांनी घर धुऊन काढलं. तशी चालच आहे, त्यांचा दोष नाही. अंथरुणं, पांघरुणं, भांडी, भिंती, देवघर. तिचा हात जिथं जिथं लागला होता ते सगळं पाण्याखाली गेलं. तिची पातळं वाटून टाकली. फणीसुद्धा कोणी तरी सोडा घालून उकळली. मी अंगणात बसून बघत होतो आणि मला काही सुचलं नाही. संध्याकाळी घर असं झालं होतं जसं तिथं बाई कधी राहिलीच नव्हती.

फक्त लोखंडी पेटी राहिली. तिला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या करगोट्याला. दोन-तीन दिवसांनी मी पेटी उघडली, आणि रायफलीच्या दस्त्यावर पाच बोटं तशीच. चार वर, एक खाली. कुंकवात तीन तांदूळ चिकटून राहिलेले. मी पेटी लावून टाकली. कोणाला सांगितलं नाही.

मुलालाही नाही. मुलगा एकुलता एक. न्यूझीलंडला गाईंच्या मोठ्या फार्मवर कामाला आहे. इथं दोन म्हशींचं शेण काढायची त्याला लाज वाटायची, तिथं पाचशे गाईंचं काढतो. आई गेली तेव्हा तो चौथ्या दिवशी पोचला. राख सावडून झाली होती. डोकं करूनच आला, पार मुंडण. दारात उभा राहिला, मला नमस्कार केला नाही, आणि तेराव्यापर्यंत माझ्याशी कामापुरतं बोलला. मीही तसंच. परत गेल्यावर मात्र दर रविवारी फोन करायला लागला, की आबा, तुम्ही इकडं या, एकट्यानं तिथं काय करताय. मी म्हणायचो, श्वास घेतोय.

शेवटी सून रडली फोनवर, तेव्हा मी हो म्हटलं. तीन महिन्यांसाठी. आणि तिथंच गाडी अडली.

घराला कुलूप लावून एवढे दिवस जायचं तर परवान्याचं हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. दर निवडणुकीला आम्ही करतोच. गोणपाटात गुंडाळून, चिठ्ठी लावून, मालखान्यात भिंतीला टेकवून ठेवतात. परत देताना तिथला जुना हवालदार रॉकेलच्या फडक्यानं स्वतः पुसून देतो. चांगला माणूस आहे. वर म्हणतो, बघा, कशी चकाचक केली. त्याला मी काय सांगणार होतो? की बाबा, पुसू नको? का पुसू नको, ते त्याला सांगायला माझं तोंड उघडलं नसतं. आणि सांगितलं असतं तर त्यानं साऱ्या ठाण्याला सांगितलं असतं.

मी मुलाला म्हटलं, रायफल बरोबर येत असेल तर येतो. नाही तर नाही. तो म्हणाला, आबा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना. पण मी येणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं, म्हणून त्यानं चौकशी केली. तिकडं रानडुकरं मोकळी मारतात. बाहेरचे लोक आपापल्या रायफली घेऊन शिकारीला जातात. त्याचे अर्ज असतात, परवाना मिळतो. मधे विमान बदलतं तिथला कागद वेगळा. ते सगळं त्यानं तिकडून केलं. इकडचं मी केलं.

अर्जात कारण लिहावं लागतं. मी शिकार लिहिलं. कशाची, तर डुकराची. कलेक्टर कचेरीतल्या कारकुनानं वय विचारलं. चौऱ्याहत्तर. त्यानं अर्ज दोनदा वाचला आणि शेजारच्या टेबलावरच्याला हाक मारली, की ये, आजोबा न्यूझीलंडला शिकारीला चाललेत. मग तिसराही आला. मला बसायला कोणी खुर्ची दिली नाही, म्हणून मी माझी पिशवी त्याच्या कागदांवर ठेवली आणि उभा राहिलो. सही होईपर्यंत उचलली नाही. अशा सहा फेऱ्या झाल्या.

विमानाला टणक पेटी लागते, दोन कुलपांची. मुंबईहून मागवली. आत फोम होता. फोम दस्त्याला घासला असता, म्हणून मी विळ्यानं तो कोरून काढला, दस्ता अधांतरी राहील असा. दोन दिवस लागले. एवढं बारीक काम मी माझ्या मुलाच्या पाळण्यालाही केलं नव्हतं.

मुंबईला विमानतळावर साहेबानं पेटी उघडायला लावली. बोल्ट काढून बघितला, नंबर जुळवला. मग गोळ्या किती, म्हणाला. मी म्हटलं, गोळ्या नाहीत.

"शिकारीला चाललात ना आजोबा? मग डुकराला काय शिव्या घालणार?"

मी म्हटलं, मुलगा तिकडं घेऊन देणार आहे. हे खोटं होतं. तेवढ्यात त्याला दस्त्यावरची बोटं दिसली. आपल्याकडचाच माणूस, त्याला विचारावं लागलं नाही. त्यानं हळूच झाकण लावलं आणि पेटीला हात जोडले. चांगलंच केलं त्यानं, पण मला ते आवडलं नाही. त्याची कोण होती ती.

विमानाचं काय सांगायचं. बसवलं तिथं बसलो. दिलं ते खाल्लं नाही.

तिकडं उतरल्यावर पोलिसांचं काम सोपं निघालं. नंबर बघितला, कागद बघितले, एक नवीन कागद दिला. मला वाटलं झालं. पण पुढं आणखी एक टेबल होतं. त्या देशात बाहेरची माती, बी, किडा, पान, काही आत येऊ देत नाहीत. मुलानं आधीच बजावलं होतं की लोणचं आणू नका, बुटाचे तळवे घासून या. मी घासले होते.

टेबलामागं एक दांडगी बाई होती, हातात निळे मोजे. तिनं माझे बूट उलटे करून बघितले आणि खूश झाली. मग रायफलीची पेटी उघडली. बॅटरी लावून नळी बघितली, बोल्टची खाच बघितली. शिकारीच्या हत्याराला रक्त, माती, केस चिकटलेले असतात, ते ती शोधत होती. मग बॅटरी दस्त्यावर आली आणि थांबली. तिनं खाली वाकून बघितलं. मग ड्रॉवरमधून बारीक चिमटा काढला.

मी दस्त्यावर तळहात ठेवला. म्हणजे वर, टेकवला नाही, पण झाकला.

आता एखाद्या परक्या माणसानं विमानतळावर रायफलीवर हात ठेवला तर काय होतं ते मला माहीत नव्हतं. दोन पोलीस माझ्या दोन्ही बाजूंना आले. एकानं माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण सोडवता येणार नाही असं. ती बाई काही तरी सावकाश, मोठ्यांदा बोलत होती, जसं बहिऱ्याशी बोलतात. मी मराठीत सांगितलं, तो चिमटा ठेव आधी. तिला कळलं असावं, कारण तिनं ठेवला.

त्यांनी फोनवर एक हिंदी बोलणारा माणूस धरला. तो कुठं बसला होता कोण जाणे. त्याची हिंदी मला अर्धी कळली, माझी त्याला तेवढीही नाही. मी म्हटलं, पूजा का है. त्यानं तिला काही सांगितलं, तिचा चेहरा नरम झाला. पण उत्तर तेच. हा तांदूळ म्हणजे बी आहे, आणि लाल-पिवळं आहे ते झाडाचं आहे. तांदूळ काढून नष्ट करायचे, दस्ता स्पिरिटनं पुसायचा, मग रायफल तुमची.

ती चुकीची नव्हती. मी शेतकरी आहे, मला हे कळतं. गाजरगवत परदेशी गव्हातून आलं असं आम्ही लहानपणापासून ऐकतो, आणि ते उपटून उपटून माझ्या हातांना फोड आलेत. आमच्याकडं कोणी तेव्हा असा चिमटा घेऊन बसलं असतं तर बरं झालं असतं. ते कळत होतं आणि तरी मला त्या बाईच्या कानाखाली ओढावीशी वाटत होती.

मुलगा बाहेर न्यायला आला होता. शेवटी त्यांनी त्यालाच फोन लावला आणि तो माझ्या कानाशी धरला. त्यानं सांगितलं की दोनच रस्ते आहेत. पुसून घ्यायची, नाही तर ती सरकारी कुलपात राहील आणि तुम्ही परत जाल तेव्हा विमानात चढवतील.

"आबा, पुसू द्या ना. दोन मिनिटांचं काम हाय. उगं कशाला तमाशा."

"तुझ्या आईची बोटं हायेत ती. नवमीची."

फोनवर मागचे गाड्यांचे हॉर्न येत होते तेवढंच. मला वाटलं तो रडतोय. तो रडत नव्हता.

"तुम्ही आईला माझ्यासाठी दोन दिवस ठेवली नाय," तो म्हणाला. "आन्‌ बंदूक ठेवताय."

इथं मला मागचं सांगायला पाहिजे. ती गेली त्या दुपारी मी त्याला फोन केला होता. तो म्हणाला, मी निघालोच, दोन दिवस लागतील, तिला शीतपेटीत ठेवा, मला येऊ द्या. मी नाही म्हटलं. म्हटलं, तिला थंडी सोसत नव्हती, आमच्याकडच्या पावसाळ्यात दोन-दोन स्वेटर घालायची, तिला मी बर्फात ठेवणार नाही. पुतण्याच्या हातून त्याच संध्याकाळी अग्नी दिला. थंडीचं ते मी सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांना पटलं. खरं ते नव्हतं. खरं हे, की मला तिला तशी दोन दिवस बघवली नसती. मला लवकर संपवायचं होतं. मुलाचा विचार माझ्या मनात आला होता आणि मी तो बाजूला सारला होता.

फोन मी पोलिसाच्या हातात दिला आणि बोटानं खूण केली, कुलूप लाव. त्या बाईनं कागद भरला. वस्तूचं नाव, नंबर, आणि खाली बियांची संख्या. तीन. मी सही केली. ज्या मालखान्यापासून वाचवायला मी समुद्र ओलांडला, तसल्याच दुसऱ्या मालखान्यात रायफल गेली, आणि मी मोकळ्या हातांनी बाहेर आलो. मुलानं माझी बॅग घेतली. घर तीन तासांवर होतं.

त्या घरात मी बावीस दिवस काढले. मुलगा पहाटे दूध काढायला जायचा आणि आला की झोपायचा. सून तिथल्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला. दिवसभर परक्या म्हाताऱ्यांना भरवायची आणि संध्याकाळी येऊन मला विचारायची, आबा, जेवलात का? मी म्हणायचो, भूक नव्हती. भूक असायची. तिनं करून ठेवलेला भात चांगला असायचा. पण मला तिथलं काही चांगलं म्हणायचं नव्हतं. डोंगर हिरवे होते तर मी म्हणायचो, आमच्याकडं जास्त आहेत. गाई धडधाकट होत्या तर म्हणायचो, दूध पाणचट आहे.

फार्मचा मालक एकदा भेटायला आला. लालबुंद, हसरा. मी शिकारी आहे असं त्याच्या कानावर गेलं होतं. म्हणाला, डोंगरात डुकरं माजलीत, चला, माझी रायफल घ्या. मी मुलाला म्हटलं, त्याला सांग, माझं हत्यार तुमच्या सरकारनं बांधून ठेवलंय, दुसऱ्याचं मी धरत नाही. मुलानं काय सांगितलं देव जाणे, मालक हसला आणि माझी पाठ थोपटली. मी खांदा काढून घेतला.

तिसऱ्या आठवड्यात सुनेला वाटलं माझे केस वाढलेत. मला बाहेर अंगणात खुर्चीवर बसवलं, गळ्याभोवती टॉवेल बांधला आणि एक मोठी, जड मशीन घेऊन आली. दणदण आवाज करणारी. मी विचारलं, ही कसली मशीन, माणसाची आहे की जनावराची. ती म्हणाली, गाईंच्या कासेवरचे केस काढायची आहे, पण दाते बदलले की चालते. मग मशीन बंद करून ती माझ्या मागंच उभी राहिली.

"ह्यांनी हिनंच डोकं केलं होतं," ती म्हणाली.

मी म्हटलं, कधी.

तिनं सांगितलं ते असं. अग्नी देताना पुतण्यानं फोन चालू ठेवला होता, मुलाला दिसावं म्हणून. मला ते माहीत नव्हतं. मुलगा तेव्हा गोठ्यात होता, दुसरा माणूस नव्हता म्हणून कामावरून सुटता आलं नव्हतं. तो फोन हातात धरून ओल्या फरशीवर बसला आणि शेवटपर्यंत बघत राहिला. सगळं झाल्यावर भिंतीवरची ती मशीन घेतली आणि तिथंच, गाई उभ्या असताना, स्वतःचं डोकं केलं. दोन ठिकाणी कापलं. मग आंघोळ करून विमानाला गेला.

आणि मी काय म्हटलं होतं तो दारात उभा राहिला तेव्हा? भावकीसमोर म्हटलं होतं, साहेब तयारीनिशी आलेत. डोकंसुद्धा वाटेत उरकून घेतलं, इथं वेळ जायला नको म्हणून. लोक हसले नव्हते, पण कोणी मला अडवलंही नव्हतं. तो ऐकत होता.

सुनेनं माझे केस कापले. मी मान हलवली नाही. झाल्यावर म्हटलं, मला घरी जायचंय. तिनं मुलाला सांगितलं. त्यानं का म्हणून विचारलं नाही, फक्त तिकीट बदललं. मला वाटतं त्यालाही सुटल्यासारखं झालं असेल. झालं तर झालं.

परतीच्या दिवशी विमानतळावर मला एका आतल्या खोलीत नेलं. मुलाला दुभाष्या म्हणून आत सोडलं. या वेळी पुरुष अधिकारी होता, तरुण, निळे मोजे तेच. रायफलीची पेटी स्टीलच्या टेबलावर, खाली पांढरा कागद अंथरलेला. त्यानं कुलपं काढली आणि त्या बाईनं भरलेला कागद बाजूला ठेवला. सगळं जसं ठेवलं होतं तसं आहे का ते मला बघून घ्यायचं होतं.

तसंच होतं. चार वर, एक खाली. तीन तांदूळ.

मुलानं ती बोटं तेव्हा पहिल्यांदा बघितली. तो हात मागं बांधूनच खाली वाकला, जसा दुकानातली वस्तू बघतो.

"करंगळी," तो म्हणाला.

मी म्हटलं, हो.

त्यानं उजवा हात पुढं काढला आणि बोटांवर बोटं धरली, वरच्या वर, टेकवली नाहीत. त्याचा पंजा मोठा, तिचा एवढासा. चार बोटं जुळत होती, पण करंगळी जुळेना. ती खाली नेण्यासाठी त्याला मनगट वाकडं करावं लागलं. एरवी माझ्या मुलानं त्या दस्त्याच्या जवळ हात नेला असता तर मी तो झटकला असता. कलेक्टर कचेरी, दोन देशांचे पोलीस, तो चिमटा, कोणालाही मी हात लावू दिला नव्हता.

"टेकव," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं.

"जाईल ते, आबा."

"जाऊ दे. तुझी आई हाय. टेकव म्हटलं ना."

त्यानं टेकवली. तूप सुकलं होतं तरी त्याच्या हाताला घाम होता. हात उचलला तेव्हा बोटांच्या टोकांना लाल लागलं होतं, दस्त्यावरची बोटं फिसकटली होती, आणि त्याच्या मधल्या बोटाला एक तांदूळ चिकटून आला होता.

अधिकाऱ्यानं लगेच एक छोटी प्लॅस्टिकची पिशवी उघडून त्याच्यापुढं धरली. तांदूळ पिशवीत टाकायचा, एवढं मलाही कळलं. मुलानं पिशवीकडं बघितलं. मग बोट तोंडात घातलं आणि तांदूळ चावून खाल्ला. सावकाश, मान खाली घालून. आमच्या रानातला तांदूळ, तिनं सुपात निवडलेला.

अधिकारी पिशवी उघडी धरून उभाच. काही तरी बोलला. मुलानं एका शब्दात उत्तर दिलं. मी विचारलं, काय म्हणतो.

"इचारतोय, काय खाल्लं."

"मग?"

"तांदूळ म्हटलं."

अधिकारी जरा वेळ आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिला. मग त्यानं पिशवी दुमडून खिशात घातली, पेन काढलं, कागदावर वाकला, आणि जिथं तीन लिहिलं होतं तिथं ते खोडून दोन केलं. इंग्रजी मला येत नाही, पण आकडा होता, तो वाचता आला.